प्रश्न पाड्यावरचा, अभ्यास विद्यापीठाचा

तिसरीतलं मूल धड्यातलं साधं वाक्य वाचताना अडखळलं, की दोष कुणाचा हे बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. घरात कुणी शिकलेलं नाही, आईबाप वीटभट्टीवर जातात, घरची बोली वेगळी आहे, मूल शाळेत टिकत नाही. यातलं काहीच खोटं नाही. पण एवढं बोलून झालं की पुढचा शोध थांबतो. मूल नेमकं कुठे अडतं, कोणत्या अक्षरावर, कोणत्या महिन्यात, वर्गातल्या कोणत्या सवयीमुळे, हे कळायचं तर कुणीतरी त्या वर्गात जाऊन बसावं लागतं. तेही एकदाच जाऊन भागत नाही. त्याच मुलांकडे वर्षामागून वर्ष परत जावं लागतं.

पालघर जिल्ह्यात असं काम झालं आहे. वसई-विरारपासून रस्त्याने दोनेक तासांवर, वाडा तालुक्यात. बंगळूरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातल्या शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखाली ‘भारतीय भाषांमधील साक्षरता संशोधन’ या नावाने हा प्रकल्प चालला. वाड्यातली बाजू सोनाळे इथल्या ‘क्वेस्ट’ या संस्थेने सांभाळली. क्वालिटी एज्युकेशन सपोर्ट ट्रस्ट असं तिचं पूर्ण नाव. नीलेश निमकर यांनी ती 2007 साली सुरू केली. मराठीसाठी वाडा आणि कन्नडसाठी कर्नाटकातलं यादगीर अशा दोन ठिकाणी शेकडो मुलांचा पहिली ते तिसरी असा सलग तीन वर्षं मागोवा घेतला गेला आणि 2017 मध्ये अहवाल आला.

एका चाचणीवरून मोकळं होण्याची घाई या अभ्यासाने केली नाही. मुलांना अक्षरं, शब्द, उतारे वाचायला दिले, चित्र दाखवून लिहायला सांगितलं. वर्गात बसून शिक्षक काय करतात आणि मुलं काय करतात याच्या नोंदी घेतल्या, शिक्षकांशी बोलणं केलं, पाठ्यपुस्तकं तपासली. हे सगळं एकमेकांशेजारी ठेवल्यावर चित्र स्पष्ट झालं. तिसरी संपत आली तरी पुष्कळ मुलांची अक्षरं आणि मात्रा पक्क्या झालेल्या नव्हत्या. ज्यांना अक्षरं येत होती त्यांनाही मजकुराचा अर्थ सांगताना, स्वतःच्या मनातलं चार ओळींत लिहिताना जड जात होतं. वर्गातला बराचसा वेळ फळ्यावरचं उतरवून घेण्यात आणि एका सुरात म्हणण्यात जात होता. वाचलेल्यावर गप्पा, स्वतःचं लेखन, पुस्तक हातात घेऊन चाळणं यांना फारच थोडी जागा होती.

अडतं कुठे

अक्षरांचा प्रश्न जरा जवळून पाहू, कारण मोठ्यांना तो प्रश्न वाटतच नाही. इंग्रजीत अक्षरं 26. मराठीत मुळाक्षरं पन्नासच्या आसपास, पण प्रत्येक व्यंजनाची बाराखडी मांडली की ओळखायची चिन्हं चारशेच्या घरात जातात. जोडाक्षरं त्यावर आणखी. शिवाय चिन्हाची जागा आणि उच्चाराचा क्रम यांचा मेळ नेहमी बसत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना ‘क’ आधी येतो. ‘कु’मध्ये उकार पायाशी, ‘के’मध्ये मात्रा डोक्यावर, ‘को’मध्ये काना पुढे आणि मात्रा वर. डावीकडून उजवीकडे वाचायचं असं नुकतंच शिकलेल्या मुलाच्या नजरेला एका अक्षरासाठी चारही बाजूंना फिरावं लागतं. ‘क’ येतो, ‘इ’ येते, तरी ‘कि’ येत नाही, यात मुलाची मठ्ठ बुद्धी शोधण्याचं कारण नाही. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासाने 2007 मध्येच दाखवून दिलं होतं, की अशा लिपींमध्ये अक्षरज्ञान पक्कं व्हायला प्राथमिक शाळेची तीन-चार वर्षं लागतात. आणि आपण पहिलीच्या दिवाळीपर्यंत मुळाक्षरं ‘संपवतो’.

यावरचा उपाय वर्गात करता येण्याजोगा आहे. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंतची रांग आधी पुरी करायची आणि मग बाराखडीकडे वळायचं, याऐवजी थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा एकत्र शिकवायची. म, क, र, ब ही चार अक्षरं आणि सोबत काना घेतला, तर मूल त्याच आठवड्यात काका, मामा, मका, राम, बकरा हे शब्द वाचू लागतं. वाचता येतं म्हणजे काय याची चव त्याला पहिल्याच महिन्यात मिळते. बकरा वाचला की बकऱ्याबद्दल बोलता येतं, त्याचं चित्र काढता येतं, घरच्या बकऱ्याची गोष्ट त्याच्या बोलीत सांगता येते आणि शिक्षकाला ती फळ्यावर लिहिता येते. वाड्याच्या अभ्यासाचा मुख्य आग्रह हाच आहे: अक्षरओळख, बोलणं, गोष्टी ऐकणं, अर्थ लावणं आणि लिहिणं हे सारं पहिलीपासून बरोबरीने चालावं. ‘आधी अक्षरं, अर्थ नंतर’ या क्रमात ज्यांच्या घरी पुस्तकं नाहीत ती मुलं सगळ्यात आधी मागे पडतात, कारण ‘नंतर’ येईपर्यंत त्यांचं शाळेवरचं मन उडालेलं असतं.

शिक्षकांच्या दृष्टीबद्दलही अहवालात नोंद आहे. मुलं मागे का, असं विचारल्यावर बोट घराकडे जातं. ही मुलं आपल्याबरोबर काय घेऊन येतात, याकडे क्वचितच कुणाचं लक्ष असतं. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मात्रेची अडचण तंत्राने सुटेल, पण मुलाकडे बघण्याची ही नजर बदलायला तंत्राहून जास्त काहीतरी लागतं.

अभ्यास कुणाचा, कुणासाठी

गावात जाऊन माहिती गोळा करणारे कमी नाहीत. पाड्यावरच्या बायकांना प्रश्नावल्यांची सवय झालेली आहे: घरात माणसं किती, मुलं किती, शौचालय आहे का, मोबाइल आहे का. कागद भरला जातो, गाडी निघून जाते, प्रबंध होतो, पदवी मिळते. ज्यांनी उत्तरं दिली त्यांना त्या प्रबंधाचं पुढे काय झालं हे कधीच कळत नाही.

समुदायाबरोबर केलेलं संशोधन इथेच वेगळं पडतं. प्रश्न ठरवताना गावाचं म्हणणं घेतलेलं असतं, माहिती जमवण्यात गावची माणसं असतात आणि निष्कर्ष त्यांना कळेल अशा भाषेत आधी त्यांच्यासमोर मांडले जातात. मग त्यावर काहीतरी करून पाहिलं जातं आणि जे केलं त्याचाही पुन्हा अभ्यास होतो. समाजमानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी 1946 साली या चक्राला कृतिसंशोधन म्हटलं. ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांनी शिकणाऱ्या गरीब माणसालाच आपल्या परिस्थितीचा अभ्यासक मानलं. न्यूझीलंडच्या माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांनी 1999 मध्ये, मूळनिवासींवर झालेल्या संशोधनाने त्यांचं किती नुकसान केलं आणि तेच संशोधन त्यांच्या हाती आलं तर काय होऊ शकतं, याची सविस्तर मांडणी केली.

या जागतिक चर्चेत पालघरचं नाव फार पूर्वीच गेलेलं आहे, हे इथल्या किती प्राध्यापकांना ठाऊक आहे कोण जाणे. काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखाली 1970 च्या दशकात पालघर तालुक्यात आदिवासींची भूमिसेना उभी राहिली. जमीन, मजुरी, सावकारी हे तिचे विषय. गावोगावच्या बैठकांतून आणि शिबिरांतून माणसं आपली परिस्थिती स्वतः तपासत आणि पुढचं पाऊल ठरवत. जी. व्ही. एस. डी सिल्वा, निरंजन मेहता, अनिसुर रहमान आणि पोन्ना विग्नराजा या दक्षिण आशियाई अभ्यासकांनी भूमिसेनेवर लिहिलेला दीर्घ निबंध 1979 साली स्वीडनच्या ‘डेव्हलपमेंट डायलॉग’मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागी संशोधन शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांत तो आजही वाचला जातो. अक्षर न गिरवलेली माणसंही कठोर अभ्यास करू शकतात, हे जगाला दाखवणाऱ्या उदाहरणांपैकी एक आपल्या जिल्ह्यातलं आहे.

टेकडीवरची प्रयोगशाळा

शिक्षणाच्या क्षेत्रात याच भागात त्याहीआधी एक मोठा प्रयोग सुरू झाला होता. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरी पद्धत त्यांनी शहरातल्या मुलांसाठी इथल्या मातीत रुजवली होती. ती खेड्यातल्या गरीब मुलांपर्यंत कशी न्यायची, हा प्रश्न घेऊन त्या 1945 साली बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. ग्राम बाल शिक्षा केंद्र बोर्डीत सुरू झालं आणि 1957 मध्ये डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं.

कोसबादला विद्यापीठ नव्हतं, पण कामाची रीत संशोधकाची होती. अंदाज बांधायचा, करून पाहायचं, चुकलं तर का चुकलं ते शोधायचं, मग बदल करायचा. बालवाडी उघडली तरी मुलं येईनात. म्हणून बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात गेली, आणि तिला अंगणवाडी हे नाव पडलं. केंद्र सरकारने 1975 मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळालं. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, खडे, पानं, काड्या यांतून रंग, आकार, मोजणी शिकवली जाऊ लागली.

थोडी मोठी मुलं मात्र अंगणातही सापडत नव्हती. सकाळी गुरं घेऊन ती रानात जात. गुरं राखणं हे घरच्या पोटापाण्याचं काम होतं, त्यामुळे ‘मुलाला शाळेत पाठवा’ या उपदेशाला काही अर्थ नव्हता. म्हणून शिक्षक मुलांमागून कुरणात गेले. गुरं चरत असताना झाडाखाली गाणी, गोष्टी, मोजणी आणि अक्षरं यांचा वर्ग भरायचा. ही कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणणारी विकासवाडीही याच प्रयोगातून आली. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मोठ्या बहिणीची शाळा सुटते, हे पाहिल्याशिवाय ही कल्पना कुणाला सुचली नसती.

हा धागा तुटला नाही. अर्थशास्त्राचे प्राध्यापक रमेश पानसे आणि अनुताई यांनी 1982 साली ग्राममंगल ही संस्था सुरू केली. डहाणू तालुक्यातल्या ऐने इथे आदिवासी मुलांसाठी शाळा उभी राहिली. नीलेश निमकर यांनीही क्वेस्टच्या आधी ग्राममंगलमध्ये काम केलं. म्हणजे 1945 चं बोर्डी आणि 2017 चा वाड्याचा अहवाल यांच्यामध्ये माणसांची आणि अनुभवाची सलग साखळी आहे. दोन वर्षांचा निधी आला आणि संपला, अशा प्रकल्पाच्या हाती हे लागत नाही.

महामार्गाच्या पूर्वेला

वसई-विरार म्हटलं की डोळ्यांसमोर लोकल आणि इमारती येतात. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांवर होती. पण मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडून पारोळ, उसगाव, सकवार, मेढे, भाताणे या बाजूला गेलं की तुंगारेश्वरच्या पायथ्याशी वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे लागतात. दिवाळी उरकली की जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर आणि रेती बंदरांवर येतात ती याच पट्ट्यात. विरार, नालासोपाऱ्याच्या मजूर नाक्यांवर सकाळी उभी असलेली माणसं त्यांतलीच. त्यांची मुलं गावच्या शाळेच्या पटावर असतात आणि भट्टीच्या मातीत खेळत असतात.

उसगावच्या विधायक संसदेने यावर 1990 च्या दशकात भोंगा शाळांचा मार्ग काढला. भट्टीवरच्या मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात. तशाच भोंग्यात, भट्टीशेजारीच शाळा भरू लागली. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी 1979 मध्ये स्थापन केलेली ही संस्था वेठबिगारांच्या मुक्तीच्या लढ्यातून या प्रश्नाकडे आली होती. वेठबिगारीविरोधातल्या कामासाठी 1999 साली या दोघांना आंतरराष्ट्रीय अँटी-स्लेव्हरी पुरस्कार मिळाला. कुरणशाळा आणि भोंगा शाळा यांच्यामागचा विचार एकच आहे: मूल जिथे आहे तिथून सुरुवात. पुढे राज्य सरकारने स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आणि शिक्षण हमी कार्ड आणलं. कार्ड घेऊन मूल दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकतं. ते खरोखर बसतं का, बसलं तर तिथे त्याच्याशी कोण कसं वागतं, परतल्यावर वर्गात त्याची जागा उरते का, हे शोधायला वसई-विरारइतकं सोयीचं ठिकाण नाही.

ज्ञान दोन्ही बाजूंना

मुलं काय घेऊन येतात, हा प्रश्न मघाशी निघाला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 1990 च्या दशकात वनस्पतींविषयीच्या मुलांच्या कल्पनांचा अभ्यास केला, त्यात शहरी मुलं होती आणि आदिवासी मुलंही होती. वनस्पतींची ओळख, त्यांची नावं, त्यांचे उपयोग या बाबतीत आदिवासी मुलांची जाण समृद्ध दिसली. परीक्षेचा कागद मात्र ती कधी मोजत नाही.

पावसाच्या तोंडाला वसई आणि विरारच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. शेवळांच्या जुडीसोबत काकडांची छोटी आंबट फळंही असतात, आणि शेवळं कशी शिजवायची हे त्या गिऱ्हाइकाला सांगतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे घशाला खाज सुटते. ती मारण्यासाठी काकडासारखं आंबट लागतं. कंद कुठे फुटतो, कोंब कधी खुडायचा, पुढच्या वर्षीसाठी काय राखायचं, हे त्या बाईबरोबर रानात जाणाऱ्या मुलीला माहीत असतं. शाळेत मात्र तिला ‘वनस्पतीचे भाग’ हा धडा घोकायचा असतो, आणि तिला जे येतं ते विचारण्याची सोय धड्यात नसते. याच मुलीला, तिच्या आजीला आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला एकत्र बसवून परिसरातल्या रानभाज्यांचं पुस्तक करता येईल. आधी तिच्या बोलीत, मग प्रमाण मराठीत. त्यावर नाव गावाचं असावं. पहिली प्रत शाळेत जावी.

बोलींच्या बाबतीतही तयार सामग्री आहे. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड 2013 मध्ये आला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावं असं म्हटलं आहे. भाषातज्ज्ञांचं काम आणि धोरणातलं वाक्य या दोन्ही गोष्टी पाड्यावरच्या पहिलीच्या वर्गात अजून पोचायच्या आहेत. मधला रस्ता कुणीतरी बांधायला हवा.

साठ तास की तीन वर्षं

हा रस्ता बांधायला लागणारी माणसं वसई-विरारमध्ये आहेत. राज्य सरकारने एप्रिल 2023 मध्ये ठरवलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदायाशी जोडून घेण्याचा उपक्रम यांना श्रेयांक आहेत. म्हणजे कला, वाणिज्य, विज्ञान कुठलाही विद्यार्थी असो, त्याला समाजात जाऊन काम करायचंच आहे. इथल्या महाविद्यालयांतून दरवर्षी हजारो मुलंमुली या टप्प्यातून जाणार.

भीती अशी, की यातूनही तेच होईल. एक दिवसाची सहल, वह्या-पेन्सिलींचं वाटप, बॅनर धरून फोटो, अहवाल, गुण. दोन श्रेयांक म्हणजे साधारण साठ तासांचं काम. एका विद्यार्थ्याच्या साठ तासांत शाळा बदलत नाही. पण एकाच महाविद्यालयाने एकच पाडा आणि एकच शाळा धरली, आणि एका तुकडीने आपल्या नोंदी पुढच्या तुकडीच्या हाती सोपवल्या, तर याच तासांतून तीन वर्षांचा सलग अभ्यास उभा राहतो. पहिलीत आलेली पंधरा मुलं तिसरीपर्यंत कशी वाचायला लागली, कुठे थांबली, दिवाळीनंतर त्यांच्यातली किती निघून गेली आणि होळीला परत आल्यावर त्यांना कुठून सुरुवात करावी लागली, हे त्यातून कळेल. दर आठवड्याला गोष्टी वाचून दाखवणारी, मुलांचं ऐकून लिहून घेणारी माणसं मुलांनाही मिळतील.

त्यासाठी प्राध्यापकांनी काही पथ्यं पाळायला हवीत. विषय ठरवण्याआधी पाड्यावर जाऊन पालकांशी, अंगणवाडी ताईंशी, शाळेतल्या गुरुजींशी बोलावं आणि त्यांना कोणता प्रश्न टोचतो ते विचारावं. शिक्षकाला तपासणीचा विषय न करता अभ्यासातला भागीदार करावं. वर्गातलं त्याला जे दिसतं ते बाहेरच्याला दिसत नाही. पाड्यावरच्या शिकलेल्या तरुणांना माहिती गोळा करणारे म्हणून नुसतं वापरू नये, त्यांचं नाव संशोधकांच्या यादीत असावं आणि कामाचा मोबदला त्यांच्या हाती पडावा. मुलांची नावं आणि चेहरे अहवालात नकोत. निष्कर्ष महाविद्यालयाच्या सभागृहाआधी पाड्यावरच्या बैठकीत मांडावेत, आणि तिथे कुणी ‘असं नाही, ताई’ म्हणालं तर अहवाल दुरुस्त करावा.

यात उपकाराचा भाग कुठेच नाही. वसई-विरारच्या नळांना येणारं बरंचसं पाणी सूर्या प्रकल्पाचं आहे, म्हणजे विक्रमगडच्या धामणी धरणाचं, आदिवासी मुलखातलं. इथल्या इमारतींच्या विटा याच माणसांच्या हातच्या आहेत. त्यांच्या मुलांना वाचता का येत नाही, हा प्रश्न शहराचाही आहे, आणि त्याचं उत्तर शोधणं हे शहरातल्या प्रत्येक महाविद्यालयाचं काम आहे.

येत्या जूनमध्ये महाविद्यालयं प्रकल्पांच्या याद्या लावतील. त्यात एक पाडा, एक शाळा आणि तीन वर्षं एवढं लिहिलं, तरी सुरुवात होते. पद्धत नव्याने शोधायची गरज नाही. ती बोर्डीत, कोसबादला, उसगावच्या भट्ट्यांवर आणि वाड्याच्या वर्गांत माणसांनी आयुष्यं घालून तयार करून ठेवली आहे.